मिठाची खीर

आमच्या घरी जेवण कसं झालंय हे कुणाला विचारावं लागत नसे, कारण अण्णा जेवताना गुणगुणत. ते गाणं नव्हे. गाण्याशी त्यांचा संबंध नव्हताच, आरतीलासुद्धा ते नुसते ओठ हलवत. पण घास तोंडात गेला की नाकातून एक बारीक सूर निघे आणि घास गिळेपर्यंत चाले. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसे. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत असायची, पाठमोरीच त्या सुरावरून तिला कळायचं की सारू, म्हणजे आमची आमटी, जमलंय की नाही. जमलं असेल तर सूर मध्येच थोडा वर चढे. फारच जमलं असेल तर ते मान हलवून "फर्स्ट क्लास" म्हणत, पण हे वर्षातून चार-पाच वेळाच. त्या दिवशी आई दुपारभर शेजारणींशी जरा जास्त बोले.

अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, मुख्यतः शाळांचे गणवेश. घर तिथून दोन गल्ल्या आत. एकीकडून बसवाल्यांच्या हाका, एकीकडून मशिदीची बांग, एकीकडून चर्चची घंटा, आणि घरात सकाळपासून कानडी रेडिओ. आमच्या किती पिढ्या बेंगळुरात गेल्या हे कुणी मोजलं नव्हतं. घरात बोलायचं ते मराठीच, पण वाढताना 'स्वल्प', पुरे म्हणताना 'साकु', आणि मला हाक मारायची ती 'पुट्टी', म्हणजे छोटी. पुण्याहून कुणी पाहुणे आले की आमच्या मराठीला हसत. आम्हीही हसायचो, पण ते गेल्यावर, त्यांच्या मराठीला.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण माझी सून ऋचा. ती नागपूरची, संगणकाच्या कंपनीत नोकरीला, आणि माझ्या मुलाबरोबर आम्ही तिघं बेंगळुरातच, एचएसआर लेआउटमध्ये राहतो. माझ्या लहानपणाची एक गोष्ट तिनं माझ्या मुलाकडून ऐकली आहे. ती गोष्ट घरात इतकी वर्षं सांगितली गेली की आता ती माझ्यापेक्षा मोठी झाली आहे. ती चुकीची आहे. घडलं ते सगळं तसंच घडलं, पण मी ते का केलं ते परवापर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. थंडीत आमच्याकडं अवरेकाईचा हंगाम असतो, पावट्याच्याच जातीच्या शेंगा, वासानं सगळा बाजार भरून जातो. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत दाबून साल काढायची, दाणा टुणकन उडून परातीत पडतो. हे काम अण्णांचं आवडतं. दुकान उघडण्याआधी ते परातीशी बसत आणि माझ्याशी शर्यत लावत. त्या वर्षी ते बसले, पण मूठभर दाणे हातात घेऊन तसेच राहिले. मी माझी परात संपवली, त्यांची संपवली, तरी त्यांच्या मुठीतले दाणे मुठीतच होते. त्या दुपारी आईनं सारू वाढलं, भाकरीवर लोणी घातलं आणि चुलीकडं वळली. अण्णा जेवू लागले. सूर आला नाही. आई पहिल्यांदाच मागं वळली.

"काय कमी पडलं काय?"

"नाही की. बरं आहे."

"मग?"

"मग काय. जेवतोय ना."

दुसऱ्या दिवशी आईनं नारळ बदलला. मग चिंच. मग मसाला भाजायची कढई. पंधरा दिवसांनी तिनं सोमवार धरले. आमच्या घरात बाईची किंमत हाताच्या चवीवर ठरायची आणि तिच्या हाताची चव गेली अशी तिची खात्री झाली. अण्णा दुकानात जात, कापड बेतत, शिवत, परत येत. दर रविवारी सकाळी ते सायकल काढून हेब्बाळच्या तळ्यावर पाखरं बघायला जात, कधी मला पुढच्या दांडीवर बसवून. ते आता "पुढच्या रविवारी" म्हणू लागले. पाखरं त्या वर्षीही आली असतील. अण्णांना कुठं दुखत नव्हतं, ताप नव्हता, कुणी गेलं नव्हतं. आज ऋचाच्या तोंडून डिप्रेशन हा शब्द मी सर्दी-खोकल्यासारखा सहज ऐकते. तेव्हा आमच्याकडं त्याला शब्द नव्हता. 'मन लागत नाही' एवढंच म्हणत, आणि मन लागत नाही असं बायकांनी म्हणायचं असे, तेही लग्न होऊन सासरी गेल्यावर.

महिन्याभरानं सूर परत आला. आईचा चेहरा उजळला, तिनं शेजारच्या दोघी-तिघींना बोलावून वडे खायला घातले. मी मात्र अण्णांच्या समोर बसत असे, त्यामुळं मला एक दिसलं. सूर आधी निघायचा आणि घास मागून तोंडात जायचा. हात ताटातून वर निघाला की नाकातून सुरुवात व्हायची. लांबीही रोज तेवढीच. वर कधी चढायचा नाही. आणि 'फर्स्ट क्लास' आता वर्षातून चार-पाचदा नाही, दिवसातून दोनदा यायचं. उप्पिटालाही तेच, उरलेल्या भाताच्या चित्रान्नालाही तेच. आईला ते ऐकू येत होतं, दिसत नव्हतं, आणि तिला ऐकायला इतकं बरं वाटत होतं की मी गप्प राहिले. पण मनात अण्णांबद्दल एक अढी बसली. पोरींना बाप खोटं बोलतोय हे कळलं की त्या किती कठोर होतात हे मला स्वतःवरून माहीत आहे.

मग निकाल लागला. मी प्रथम श्रेणीत पास झाले, आमच्या घराण्यात एवढे गुण मिळवणारी मी पहिलीच. गुणपत्रिका घेऊन मी घरी न जाता थेट दुकानात पळत गेले. मे महिना, गणवेशांची घाई, कापडाचे गठ्ठे छतापर्यंत लागलेले. अण्णा मशीनवर बसले होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला, नीट वरपासून खालपर्यंत वाचला, आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास."

उरलेल्या भाताला म्हणत होते त्याच आवाजात. कागद परत दिला आणि पाय पुन्हा मशीनवर चालू केले. मी उन्हात उभी होते. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. राग होता, आणि त्याला धार होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या निकालाचं जेवण होतं. अक्का आली होती. अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, एका मोठ्या इस्पितळात नर्स, लग्न न केलेली, आणि घरात जिच्या शब्दापुढं कुणी जात नसे अशी. मी आईला म्हटलं, आज खीर मी करते. आईला कौतुक वाटलं. शेवयांची खीर केली, वेलदोडा, काजू, सगळं नीट. साखर घालण्याआधीच त्यातली एक वाटी बाजूला काढली आणि तिच्यात मीठ घातलं. चमचाभर नव्हे, मूठ भरून. ढवळलं, वर दोन काजू ठेवले. ती वाटी अण्णांच्या ताटात ठेवली आणि समोर उभी राहिले.

अण्णांनी वाटी उचलली. सूर निघाला, मग घोट गेला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही, नुसत्या पापण्या एकदा मिटल्या. दुसरा घोट. तिसरा. सगळी वाटी त्यांनी प्यायली, तळाच्या शेवया बोटानं पुसून घेतल्या. "फर्स्ट क्लास," म्हणाले. मग माझ्याकडं बघून वाटी पुढं केली. "अजून स्वल्प वाढ, पुट्टी."

त्या वेळी मी थांबायला हवं होतं. चांगली खीर वाढली असती तर विषय तिथंच मिटला असता. आज इतक्या वर्षांनीही ती वाटी माझ्यासमोर धरलेली दिसते आणि मी मनातल्या मनात पातेल्याकडं वळते. प्रत्यक्षात मी वळले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, त्यात साखर नव्हती. मूठभर मीठ होतं. तुम्हाला काहीच आवडत नाही. आईचं जेवण आवडत नाही, माझा निकाल आवडला नाही. तुम्ही खोटं खोटं करता."

आईनं पुढं होऊन वाटीत बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि पदरात थुंकली. अक्का माझ्याकडं बघतच नव्हती. ती अण्णांकडं बघत होती.

"हो का," अण्णा म्हणाले. एवढंच. रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन मोरीत गेले, हात धुतले, चपला घातल्या आणि दुकानात निघून गेले.

आई खाली बसली. मला वाटलं आता मार बसणार. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं." आणि रडायला लागली. तिला सुटल्यासारखं झालं होतं, आणि सुटल्यासारखं झालं याचीच लाज वाटत होती. तिला तसं बघून मला वाटलं, बरं केलं आपण. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी मी साखरेची खीर दोन वाट्या खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी सूर बंद केला. मग समोर बसून जेवणं बंद केलं, आमचं झाल्यावर काही पोटात ढकलत. आठवड्याभरात दुकानात जाणं थांबलं. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेले, लोक दारात येऊन विचारू लागले, आणि ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. तेव्हा मला अंधुक कळलं की ते जे खोटं खोटं करत होते तेच धरून ते रोज उठत होते. आम्हाला बरं वाटावं म्हणून हात ताटाकडं जायचा, दुकानाकडं पाय जायचे. मी सगळ्यांसमोर तो आधार ओढून काढला होता.

अक्का रिक्षा घेऊनच आली, अण्णांना मनाच्या डॉक्टरांकडं न्यायला. "चल, अण्णा. शर्ट घाल."

आई दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, तिथं वेडे लोक जातात म्हणतात. उद्या हिच्या लग्नाला…"

"जो म्हणतो त्याला माझ्याकडं पाठव. आणि पुट्टी, तू पण चल. तुला ऐकायला पाहिजे." हे तिनं कसल्याही रागाशिवाय म्हटलं, म्हणून मी आजवर विसरले नाही.

डॉक्टर तरुण होते, कानडी बोलत होते. खोलीत एक पंखा कुरकुरत होता. त्यांनी अण्णांना विचारलं, जेवायची वाट बघता का? खाताना बरं वाटतं का? खाऊन झाल्यावर, परत असं मिळावं असं वाटतं का? तिन्हीला अण्णांनी नाही म्हटलं. चव कळत नाही काय, असं विचारल्यावर मात्र ते सरळ होऊन बसले. शिंप्याला माप घेताना असते तशी एक सावध घाई त्यांच्या आवाजात आली.

"चव कळते, सर. आंबट ते आंबट, गोड ते गोड. पण ते माझ्यापर्यंत येत नाही. दुसऱ्या कुणाचं जेवण मी नुसतं जेवतोय असं."

अक्कानं खिरीचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कळलं नाही?

"कळलं की. पहिल्याच घोटाला."

"मग प्यायलात का?"

"वाटलं, माझंच आणखी बिघडलं. सगळंच वेगळं लागत होतं, हे जरा जास्त. पोरीनं पहिल्यांदा केली होती. समोर उभी होती."

"आणि परत मागितलीत?"

अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिचं तोंड उतरलेलंच राहिलं. वाटलं, मी नीट दाखवलं नाही."

मी बाकाच्या टोकावर बसले होते. पुढचं डॉक्टर काय बोलले ते मला तुटक आठवतं. जिभेचं काही बिघडलेलं नाही, ती आपलं काम करते, निरोप पोचवते. पण मेंदूत जिथून 'हे चांगलं आहे, परत कर' असं उत्तर यायचं, तिथून उत्तर येत नाही. खाण्याचं नाही, पाखरांचं नाही, मुलीच्या निकालाचंही नाही. हा आळस नाही, माया आटलेली नाही, आजार आहे. 'मुलीच्या निकालाचंही नाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ऋचा म्हणते की आता याबद्दल बरंच जास्त कळलंय, हवंसं वाटणं आणि मिळाल्यावर बरं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बिघडून दुसरी शाबूत राहू शकते. असेल. त्या खोलीत मला जेवढं कळलं तेवढं माझ्या जन्माला पुरलं.

गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला त्या गोळ्यांनी नुसती तोंडाला कोरड पडायची आणि झोप यायची. आई रोज विचारायची, बरं वाटतं का, आणि अक्का तिला गप्प करायची. मग हळूहळू ते परत आले, पण आम्ही वाट बघत होतो त्या दारानं नाही. आधी त्यांना राग येऊ लागला. कात्री कुणी हलवली म्हणून ते ओरडले. रेडिओ बंद कर म्हणाले. एका कॉलरला शिवण वाकडी पडली म्हणून शर्ट पूर्ण उसवला आणि तासभर बडबडत बसले. आई बोलणी खात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर सणासारखं काही होतं. दिवाळीच्या सुमारास ते सायकल घेऊन हेब्बाळला जाऊन आले. काय बघितलं विचारल्यावर म्हणाले, "होते दोन-चार बगळे." पण गेले होते.

गुणगुणणं परत आलं का, हे मला सांगता येणार नाही. आई म्हणायची, आलं. मी त्यानंतर त्यांच्या समोर जेवायला बसायचंच टाळलं. अभ्यास आहे, भूक नाही, नंतर जेवते. लग्न होऊन जाईपर्यंत मी त्यांच्या बाजूला बसले, समोर कधीच नाही.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. माझ्या लग्नात, माझ्या सासऱ्यांना, पंगतीत सगळ्यांसमोर. "हिनं पकडलं मला. घरात कुणाला कळलं नाही, हिला कळलं. डॉक्टरासारखी परीक्षा घेतली, खिरीत मीठ घालून. हिच्यामुळं मी वाचलो." सगळे कौतुकानं माझ्याकडं बघत होते. मी हसले. मग बारशाला, मग घरभरणीला, मग माझ्या मुलाला मांडीवर बसवून. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या बाकाच्या टोकावरून मला उठवायला त्यांनी तसं ठरवून टाकलं होतं, हे मी विचारलं नाही. ते नव्वदीला टेकले, सुखानं गेले. मरणाच्या आधी सहा महिने, इस्पितळात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तेच सांगत होते. मी जवळ उभी होते. तेव्हाही हसले.

ऋचा गेलं वर्षभर अशाच आजारासाठी डॉक्टरांकडं जाते. तिनं हे घरात पहिल्यांदा मला सांगितलं, नवऱ्याच्याही आधी, आणि कारण दिलं ते हे, "आई, तुम्ही इतक्या लहान असताना अण्णांना ओळखलंत. तुम्हाला समजेल." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

परवा रविवारी ती भाजी निवडत बसली होती. मी तिला खरं सांगितलं. परीक्षा बिरीक्षा काही नव्हती, मला अण्णांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं, माझ्या निकालाचा त्यांना आनंद झाला नाही याचा सूड घ्यायचा होता. ते वाचले ते अक्कामुळं. मी त्यांना खाटेपर्यंत नेलं होतं. आणि ते हयात असताना एकदाही मी हे कबूल केलं नाही.

ती मेथीची पानं खुडत राहिली. मला वाटलं, आता ही माझ्याशी काही बोलायची नाही.

"आई, मग मीही एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"तुम्ही रोज डबा देता आणि मी संध्याकाळी मस्त झाला होता म्हणते. गेले तीन-चार महिने मला त्यातलं काहीच वाटत नाही. टीमबरोबर बसते, खाते, डबा धुते. लिफ्टमध्ये असतानाच मस्त म्हणायचं ठरवून ठेवते."

मी रोज दारातच विचारत होते. रोज. डबा कसा होता गं, हे तिची चप्पल निघायच्या आधी. सगळं पाहिलेली मी, आणि मला एकदाही दिसलं नव्हतं.

"मग उद्यापासून देऊ नको?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "नाही, द्या. डबा द्या, आई. फक्त कसा झाला ते विचारू नका."